पद्मिनीची सस्पेन्शन बुशं घरी बदलताना

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी जपलेली. कोल्हापुरात राजारामपुरीत घराला पोर्च आहे, हाताला सवय आहे, काम शिकायची तयारी आहे. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये पुढची-मागची सगळी बुशं (सस्पेन्शनच्या सांध्यांमधली रबरं) नवी टाकून घेतली, पण एका पावसाळ्यातच खडखड परत सुरू झाली. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, आणि क्लच सोडताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो. आता बुशं स्वतः बदलावीत का, रबराची घ्यावीत की पीयूची (पॉलियुरेथेनची), आणि घरी नेमकं कुठवर जमेल?

मागचं काम घरी नक्की जमेल. पुढच्याबद्दल खाली सांगतो. पण नवी बुशं विकत घ्यायच्या आधी गेल्या वर्षीची का गेली ते कळायला हवं, नाहीतर याही वर्षी तेच होईल. माल हलका असू शकतो, तोही विषय पुढे येईल. तरी ‘नवी बुशं टिकत नाहीत’ म्हणून उद्यमनगरात माझ्याकडे ज्या जुन्या गाड्या येतात, त्यांत सगळ्यात जास्त वेळा एकच कारण सापडतं: गाडी उचललेली, चाकं खाली लोंबकळताहेत, आणि तशातच सगळे बोल्ट पूर्ण आवळून टाकलेत.

याचा बुशाशी संबंध काय, ते नीट सांगतो, कारण सगळं काम यावर उभं आहे. पोलादी कवचाच्या बुशात बाहेर एक नळी, आत एक नळी, आणि दोन्हींना कायमचं चिकटलेलं रबर मध्ये असतं. बाहेरची नळी आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या लोखंडी हाताच्या) किंवा पाट्याच्या (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, दाबून बसवलेली असते. आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बोल्टनं आवळली जाते, आणि ती अजिबात फिरू नये इतकी आवळायची असते. म्हणजे दोन्ही नळ्या पक्क्या झाल्या. मग आर्म वर-खाली होतो तेव्हा फिरतं काय? फिरत काहीच नाही. मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. हे बेअरिंग नाही, हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप कळतं.

बोल्ट ज्या क्षणी आवळला, त्या क्षणी आर्म जिथे होता ती त्या रबराची आरामाची जागा ठरते. चाक लोंबकळताना आवळलं, तर आराम तिथे. मग गाडी खाली सोडली की आर्म बराच वर येतो आणि रबर पिळून ठेवलेल्या पंच्यासारखं कायमचं पिळलेलं राहतं, गाडी नुसती पोर्चमध्ये उभी असली तरी. रस्त्यावर खड्डा आला की त्याच दिशेनं आणखी पिळ. ताणलेल्या रबराला हवेतल्या ओझोननं चिरा लवकर पडतात, आरामात असलेल्या रबराला तशा पडत नाहीत. म्हणून असं बुश काही महिन्यांत कडेनं फाटायला लागतं, आणि मालक म्हणतो माल डुप्लिकेट होता. शिवाय पिळलेलं रबर स्वतःच स्प्रिंगसारखं वागतं, गाडी थोडी उचललेली आणि ताठ वाटते. गॅरेजमधून आणल्यावर सुरुवातीचे दिवस गाडी ‘एकदम टाइट’ वाटली होती का, आठवून बघा.

तेव्हा काम कुठलंही असो, शेवटचा आवळ गाडीचं वजन स्प्रिंगवर असतानाच द्यायचा.

आता आवाज आणि ओढ खरंच बुशाची आहे का ते ठरवू. ब्रेकला डावीकडे ओढते म्हणजे लगेच बुश नव्हे. उजव्या चाकाचा ब्रेक कमी लागत असेल तरी गाडी डावीकडेच जाणार. थोडं फिरवून आणा, चार-सहा वेळा ब्रेक मारा, आणि दोन्ही पुढच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा. एक चांगलाच तापलाय आणि दुसरा गार आहे, तर आधी व्हील सिलिंडर आणि ब्रेक शू बघा. दोन्ही सारखे तापलेत आणि तरी ओढते, तर संशय बुशावर घ्यायचा: ब्रेक लागताना चाक मागे ढकललं जातं, ढिल्या बुशातून आर्म सरकतो आणि चाकाची दिशाच क्षणभर बदलते.

पुढचं चाक उचला, वर एक हात आणि खाली एक हात धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर कुणालातरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला तर किंगपिन (पुढचं चाक स्टिअरिंगबरोबर ज्या खिळीवर वळतं ती) किंवा बुश. मग नजर किंगपिनवर ठेवून हलवायचं, हलतंय ते दिसतंच. किंगपिन गेलेली असताना बुशं बदलून काहीही हाती लागत नाही. पद्मिनीची किंगपिन ग्रीसवर जगते, आणि ग्रीस गन मारायची सवय हल्ली सुटलीये.

बुशासाठी पहार घ्या. आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये टोक घालून हलकेच रेटा. रबर थोडं दबणारच, तो दोष नाही. आतली नळी भोकाच्या मध्यावर नसून एका बाजूला बसलेली दिसली, रबर कडेनं बाहेर लोंबत असलं, किंवा रेटताना लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, तर बुश गेलं.

मागचा ‘टक्’ दोन ठिकाणांहून येतो. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, नाहीतर पाट्याचा पुढचा डोळा. पुढची चाकं दगड लावून पक्की करा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि शाफ्ट हातानं पुढे-मागे पिळून बघा. क्रॉसमध्ये ढिलेपणा असेल तर बोटांना कळतो. तिथे काही नसेल तर एकाला गाडीत बसवून पहिल्या गिअरवर क्लच अर्धा सोडायला लावा आणि तुम्ही बाजूला उभं राहून, खाली न शिरता, पाट्याच्या पुढच्या टोकाकडे बघा. डोळा ब्रॅकेटमध्ये पुढे-मागे उडी मारताना स्पष्ट दिसतो.

रबर की पीयू. माझं मत सरळ आहे: रोजच्या वापराच्या पद्मिनीला रबर. गाडीत मूळ आलेलं रबर शोअर ए या कडकपणाच्या मापावर साधारण ६० ते ७० च्या दरम्यान असतं, बाजारातलं पीयू ८० ते ९५ चं. पीयू कडक आहे, टिकतं, तेलाला दाद देत नाही. पण ते पिळलं जात नाही, आतल्या नळीवर घासत फिरतं. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि ते धुऊन गेलं की चिमणीसारखं कुचकुचायला लागतं. आपल्याकडे गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस आणि गळीत हंगामात ट्रॅक्टरनी रस्त्यावर सांडलेली माती, दोन्ही मिळून ते ग्रीस फार दिवस राहू देत नाहीत. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे. रबर जो हादरा गिळतं तो पीयू पुढे पाठवतं, आणि तो जातो चाळीस वर्षांच्या पत्र्यात. स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) बुशं मात्र पीयूची घातली तरी चालतील, तिथे फायदा जास्त आणि तोटा कमी.

रबर घेताना व्हर्निअर घेऊन जा. जुन्या बुशाची बाहेरची नळी, आतली नळी आणि लांबी मोजलेली असू द्या. आतली नळी बाहेरच्यापेक्षा लांब असते. नवीन बुशात ती आखूड निघाली तर ब्रॅकेटचे कान तिच्यावर आवळले जाणार नाहीत, ती बोल्टभोवती फिरत राहील आणि तुमची सगळी मेहनत वाया. नखानं रबर दाबून बघा, खूण पटकन भरून यायला हवी. ‘जुना ओरिजिनल स्टॉक’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटावर भाळू नका. रबर कपाटातही म्हातारं होतं. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर डबा कितीही अस्सल असला तरी परत द्या. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाडीच्या सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं ते टॅक्सीवाल्यांचं. आता जे मिळतं ते तपासूनच घ्यावं लागतं.

आता मागचं काम. हे सावकाश सांगतो.

गाडी चाकांवर उभी असताना, कशालाही हात लावायच्या आधी, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि खडूनं त्याच मडगार्डवर लिहून ठेवा. टाकी अर्धी भरलेली, डिकी रिकामी, टायरमध्ये हवा बरोबर. हा आकडा शेवटी लागणार आहे.

बोल्टना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, फक्त बोल्टच्या टोकांना. गाडी खाली असतानाच नट एक-एक फेरा सैल करून घ्या. घोडीवर (जॅक स्टँडवर) चढलेल्या गाडीखाली पडून लांब पान्याला झटके देणं धोक्याचं आहे. पोर्चमध्ये शहाबादी फरशी असेल तर जॅकखाली जाड फळी टाका, फरशी एका बिंदूवर वजन घेत नाही, मधोमध फुटते. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. साधारण ९०० किलोची गाडी आहे ही. घोड्या बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे, आणि तिथला पत्रा हातोडीच्या दांड्यानं वाजवून बघितल्याशिवाय नाही. ठणठण वाजला तर ठीक. बसका आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर बुशाचं काम थांबवा आणि आधी वेल्डर गाठा. गंजलेल्या ब्रॅकेटमध्ये नवं बुश म्हणजे वरवरची मलमपट्टी.

दुसरा जॅक ॲक्सलखाली. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसरा पाटा ॲक्सल जागेवर धरून ठेवतो. त्या बाजूचा शॉकअप खालून सोडा. आता ॲक्सलखालचा जॅक अगदी थोडा-थोडा वर-खाली करत पाट्यावरचा ताण जातो ती उंची शोधा. नट काढून बोल्ट बोटांनी फिरवत राहा: ताण असताना तो जाम असतो, योग्य उंचीवर एकदम मोकळा होतो आणि स्वतःच सरकायला लागतो. इथे घाई करून हातोड्यानं बोल्ट ठोकला की आट्यांचं तोंड बसतं, आणि मग तो ना पुढे ना मागे. आधी मागचा शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी झुलती कडी), मग पुढच्या डोळ्याचा बोल्ट.

बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झाला असेल तर झगडत बसू नका. डोळा आणि ब्रॅकेटच्या कानामधल्या फटीतून हॅक्सॉ ब्लेड घालून दोन्हीकडे बोल्ट कापा. बुश तसंही जाणारच आहे.

जुनं बुश काढायला गॅसची ज्योत लावतात, रबर जळतं आणि सुटतं. ते करू नका. धूर वाईट आहेच, पण मुख्य म्हणजे पाटा स्प्रिंग स्टीलचा असतो. डोळा लाल झाला की त्याचं पाणी उतरतं, आणि पुढे तिथेच तो उघडतो किंवा तुटतो. त्याऐवजी ड्रिलनं रबरात चार-सहा भोकं पाडून आतली नळी रबरासकट ढकलून काढा. बाहेरची नळी राहील. हॅक्सॉचं ब्लेड सोडवून डोळ्यातून ओवा, परत लावा, आणि नळीला आतून लांबीभर एक चीर पाडा. नळीचा पत्रा पातळ असतो. चीर संपत आली की ब्लेडचा आवाज बदलतो, खरखर जाऊन जड घास लागतो. तिथेच थांबा, डोळ्यावर खाच पडता कामा नये. मग छन्नीच्या हलक्या टोल्यानं नळी आत दुमडते आणि निघते. डोळा एमरी कागदानं साफ करा, कडेला बर (धातूचा उचललेला काठ) असेल तर कानशीनं घालवा.

बसवायला प्रेस लागतोच असं नाही. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर दोन तुकडे वळवून घ्या: एक चकती, जिची पायरी बुशाच्या बाहेरच्या नळीच्या कडेवरच टेकेल, आणि एक वाटी, डोळ्याच्या पलीकडून टेकणारी, आतून बुशापेक्षा मिलिमीटरभर मोठी. मधून १२ मिमीचा हाय टेन्साइल स्टड, दोन नट, जाड वॉशर. साधा आटेवाला रॉड आणू नका, आटे सोलून निघतात. स्टडच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पान्यानं आवळत न्या. दाब फक्त बाहेरच्या नळीवर. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाब आला की चिकटवलेला थर आतून सुटतो, वरून काही दिसत नाही आणि बुश पहिल्याच दिवशी मेलेलं असतं. पहिले दोन-तीन मिलिमीटर सरळ जाताहेत का ते चारही बाजूंनी बघा. तिरकं लागलं तर परत काढा.

बुश फ्रीजरमध्ये ठेवून बसवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. हिशोब करा की: ४० मिमी व्यासाची पोलादी नळी ४५ अंशांनी गार केली तर आकसते सुमारे ०.०२ मिमी. थोडी मदत होते, पण घट्ट बुश आपोआप आत सरकेल अशी आशा धरू नका. डोळ्याला आतून साबणाचं पाणी लावा, त्याचा फायदा जास्त. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल यांपैकी काहीही रबराला लागू देऊ नका. त्यात रबर फुगतं आणि मऊ पडतं. आवाज येतो म्हणून जुन्या बुशावर दर महिन्याला ऑइल मारणारे पुष्कळ आहेत, आणि आवाज का वाढतोय ते त्यांना कळत नाही.

शॅकलला दोन भागांतलं साधं रबर निघालं, म्हणजे दोन्ही बाजूंनी टोपीसारखं घालायचं, तर काम सोपं. साबणाचं पाणी लावून हातानं बसवा. बोल्ट नवे घ्या, ८.८ ग्रेडचे, आणि नट नायलॉकचे. बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा हलका हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो गंजून बसणार नाही. आट्यांना लावू नका, ओल्या आट्यांवर टॉर्क पाना दाखवतो त्यापेक्षा बोल्ट जास्त ताणला जातो.

सगळे नट फक्त हातानं टेकवा, अधिक अर्धा फेरा, बस. शॉकअप जोडा, दुसरी बाजू तशीच करा, चाकं चढवा. आता घोड्या बॉडीखालून काढून ॲक्सलच्या नळ्यांखाली, चाकांच्या जवळ लावा. गाडीचं वजन पाट्यांवर आलं. डिकीवर दोन-चारदा दाब देऊन सोडा आणि मडगार्डवरचा खडूचा आकडा टेपनं पडताळा. जुळत नसेल तर डिकीत वजन ठेवून किंवा काढून जुळवा. आकडा जुळला की मॅन्युअलमधल्या टॉर्कला नट आवळा, आधी पुढचा डोळा, मग शॅकल. शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत, नाहीतर ॲक्सल तिरका बसलाय.

पुढच्या बाजूबद्दल. स्टॅबिलायझर बारची आणि शॉकअपची बुशं घरी बदला, त्यात काही नाही. लोअर आर्मची बुशं मात्र घरी पहिल्यांदाच करायला घेऊ नका. आर्मवर कॉइल स्प्रिंग दाबून बसलेली असते, आणि ती सुटली तर माणसाचा हात किंवा चेहरा वाचत नाही. आर्मखाली जॅक लावून हळूहळू सोडायची पद्धत बरेचजण वापरतात. जॅक घसरला की संपलं. स्प्रिंग कंप्रेसर हवा, तो कसा धरतो हे आधी कुणा अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून बघितलेलं हवं, आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून बॉडीला बांधलेली हवी. यातलं एकही नसेल तर हे काम गॅरेजला द्या. मेकॅनिकला कामाच्या आधी दोनच गोष्टी शांतपणे सांगा: पिव्हटजवळ (आर्म जिथे झुलतो तिथे) शिम, म्हणजे पातळ चकत्या, निघाल्या तर त्या कुठल्या बोल्टच्या, किती, हे लिहून ठेवून तशाच परत घालायच्या, आणि आर्मचे नट गाडी चाकांवर उतरवल्यावर, थोडी पुढे-मागे ढकलून चाकं आपल्या जागी आल्यानंतरच आवळायचे. त्यासाठी गाडी पिटवर घ्यावी लागते, दहा मिनिटं जास्त लागतात. त्या दहा मिनिटांचे पैसे वेगळे देऊ केलेत तरी चालेल, मी तर द्याच म्हणेन.

व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि पुढची बुशं झाल्यावरच. ढिल्या बुशांवर केलेलं अलाइनमेंट मशीनवरून उतरेपर्यंतच खरं असतं.

काम मिरगाच्या आधी उरकून घ्या, पोर्चमध्ये पाणी आलं की बोल्ट-नट आणि टॉर्क दोन्हींची शिस्त राहत नाही. झाल्यावर पहिली फेरी गावातच मारा, ब्रेकची ओढ बघा, मग पन्हाळ्याला जाऊन या; चढ, वळणं, उतारावरचे ब्रेक असं सगळं त्या वीस-बावीस किलोमीटरमध्ये मिळतं. परत आल्यावर नटांवर पेंटच्या खुणा करून ठेवा. साधारण ५०० किलोमीटरनंतर वजन पाट्यांवर असतानाच परत एकदा टॉर्क पाना लावा. खुणा सरकलेल्या दिसल्या, तर त्या बुशाच्या आतल्या नळीची लांबी व्हर्निअरवर पुन्हा मोजा.